श्रेय सगळ्यांचं, म्हणजे नक्की कुणाचं?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना माझं आणि माझ्या रूममेटचं एकदा रात्री दोन वाजता कडाक्याचं भांडण झालं होतं. इतकं, की शेजारच्या खोलीतल्यांनी भिंतीवर बुक्क्या मारल्या. विषय होता क्वीन या बँडचं ‘द शो मस्ट गो ऑन’ हे गाणं.

रूममेट सातारा जिल्ह्यातला. फ्रेडी मर्क्युरीबद्दल तो ‘आमचा’ असं म्हणूनच बोलायचा. त्याला कारणही होतं. फ्रेडी म्हणजे मूळचा फारुख बलसारा. १९४६ साली झांझिबारमध्ये एका पारशी घरात जन्मलेला. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला पाठवलं. तिथेच पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि हा त्यात पियानो वाजवायचा. त्यामुळे रूममेटच्या मते क्वीन म्हणजे फ्रेडी, फ्रेडी म्हणजे पाचगणी, आणि पाचगणी म्हणजे अर्थातच तो स्वतः.

तो म्हणत होता, “हे गाणं त्यानं मरणाच्या दारात उभं राहून स्वतःबद्दल लिहिलंय. ऐकताना काटा येतो, तो उगाच का?”

मी म्हणालो, “त्यानं गायलंय. लिहिलंय मुख्यतः ब्रायन मेनं.”

“मग अल्बमवर काय छापलंय?”

आम्ही दोघांनी मोबाइल काढले. अल्बमवर छापलं होतं : क्वीन. फक्त एवढंच. ना मे, ना मर्क्युरी. दोघंही हरलो, आणि हरलेली दोन माणसं जशी एकमेकांवर जास्तच चिडतात, तसे चिडून झोपलो.

हे आठवायचं कारण, ऑफिसात एक गोष्ट घडली. खरं तर मी घडवली. त्याबद्दल विचार करताना मी पुन्हा पुन्हा त्या एका छापील शब्दाकडे आलो. गाणं चौघांचं आहे असं म्हणणं हा मोठेपणा आहे की खोटेपणा? ऑफिसच्या गोष्टीकडे येतो. पण आधी त्या शब्दामागची गोष्ट सांगायला हवी.

*

क्वीनमध्ये चार जण होते. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवर ब्रायन मे, ड्रम्सवर रॉजर टेलर, बेसवर जॉन डीकन. क्वीनची खासियत अशी की चौघंही गाणी लिहायचे आणि चौघांचीही गाणी गाजली. ‘वुई आर द चॅम्पियन्स’ फ्रेडीचं, ‘वुई विल रॉक यू’ मेचं. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ डीकनचं, ‘रेडिओ गागा’ टेलरचं. लोकांना वाटतं सगळी फ्रेडीची, कारण आवाज त्याचा. आवाज ज्याचा, गाणं त्याचं, हा ऐकणाऱ्यांचा साधा हिशोब असतो.

पण पैशाचा हिशोब वेगळा असतो. गाण्याचे पैसे दोन वाटांनी येतात. एक वाट रेकॉर्डिंगची. जे वाजवतात आणि गातात, त्यांना कंपनीबरोबरच्या करारानुसार वाटा मिळतो. दुसरी वाट गाणं लिहिण्याची. शब्द आणि चाल ज्याच्या नावावर, त्याला रेकॉर्ड विकली की पैसे, रेडिओवर वाजलं की पैसे, उद्या दुसऱ्या कुणी ते गायलं तरी पैसे. ब्रिटनच्या कायद्यानुसार ही दुसरी वाट लिहिणाऱ्याच्या मरणानंतरही ७० वर्षं चालू राहते. म्हणजे अल्बमच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं नाव म्हणजे नुसतं कौतुक नव्हे. ती नातवंडांपर्यंत जाणारी पेन्शन आहे.

याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना १९७५चा. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सिंगल म्हणून आलं. जवळपास सहा मिनिटांचं गाणं, फ्रेडीचं. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्या काळी सिंगल म्हणजे छोटी तबकडी, दोन बाजूंची. एका बाजूला लोकांना हवं असलेलं गाणं, मागच्या बाजूला भरतीचं. मागच्या बाजूला होतं रॉजर टेलरचं ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’. नावाप्रमाणेच, गाडीवरच्या प्रेमाचं. आता तबकडी काही अर्धी विकत घेता येत नाही. त्यामुळे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची जेवढी विक्री, तेवढेच लेखनाचे पैसे मागच्या बाजूच्या गाण्यालाही. हे गाणं मागच्या बाजूला घ्यावं म्हणून टेलर कपाटात जाऊन बसला होता, असा किस्सा सांगतात. खरा असो वा नसो, त्या कपाटात बसण्याइतकी ती जागा मोलाची होती हे खरं.

बाकीच्यांना हे कसं वाटलं असेल याची कल्पना करा. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मधला गिटारचा तो तुकडा ब्रायन मेचा. ज्या गिटारवर तो वाजवला तीही त्याने पोरवयात वडिलांबरोबर घरी बनवलेली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. पण गिटारचा तुकडा हे ‘वादन’, आणि गाडीवरचं प्रेम हे ‘लेखन’. या भांडणांनी बँड आतून पोखरला जायचा, हे बँडमधल्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलंय. आणि भांडण फक्त पैशाचं राहत नाही. कुठलं गाणं सिंगल म्हणून काढायचं यावर मत देताना प्रत्येकाच्या मनात स्वतःचं गाणं असतं. चांगलं काय, हा प्रश्न मागे पडतो आणि माझं काय, हा पुढे येतो.

मग १९८९ साली ‘द मिरॅकल’ हा अल्बम आला आणि त्यावरच्या सगळ्या गाण्यांखाली एकच नाव आलं : क्वीन. पुढचा ‘इन्युएन्डो’, १९९१चा, त्यावरही तेच. आमचं रात्री दोनचं भांडण ज्या गाण्यावरून झालं ते याच अल्बममधलं. आत कुणी किती लिहिलं हे त्यांचं त्यांना माहीत. बाहेरच्यांसाठी चौघं समान.

*

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. समाजवादी वगैरे. मग मनातला इंजिनिअर जागा झाला आणि म्हणाला, हे तर सरळ सरळ चुकीचं रेकॉर्ड ठेवणं आहे.

आमच्या धंद्यात ‘गिट’ नावाचं एक साधन असतं. कोडच्या प्रत्येक ओळीला ते विचारता येतं की तुला शेवटचा हात कुणी लावला? त्या आज्ञेचं नावच मुळी ‘गिट ब्लेम’. म्हणजे दोष कुणाचा, ते सांग. श्रेय आणि दोष एकाच रजिस्टरमध्ये लिहिलेले असतात, हे त्या नावात फार प्रामाणिकपणे आलंय. त्या सवयीच्या माणसाला ‘सगळ्यांनी लिहिलं’ हे वाक्य म्हणजे काहीच न सांगणारं वाक्य वाटतं.

आणि सगळ्यांच्या नावामागे दोषही लपतो. अमेरिकेतल्या ‘द डोअर्स’ या बँडनं क्वीनच्या बरोबर उलटा प्रवास केला. त्यांच्या पहिल्या तीन अल्बमवरची त्यांची गाणी चौघांच्या नावावर होती. १९६९च्या चौथ्या अल्बमवर, ‘द सॉफ्ट परेड’वर, नावं वेगवेगळी छापली गेली. गायक जिम मॉरिसनला गिटारवादक रॉबी क्रीगरच्या एका गाण्यातले शब्द पटत नव्हते. ते शब्द आपले आहेत असं लोकांनी समजू नये, असं त्याचं म्हणणं होतं. गाणं त्यानं गायलं, पण जबाबदारी घेतली नाही. मला यात काही क्षुद्र वाटत नाही. माझं नसलेलं माझ्या नावावर नको, हीसुद्धा एक नीतीच आहे.

म्हणजे एका बाजूला क्वीन, ज्यांनी वेगळी नावं पुसली. दुसऱ्या बाजूला डोअर्स, ज्यांनी ती लिहिली. दोन्ही मला बरोबर वाटत होते. असं झालं की समजावं, आपण प्रश्नच नीट विचारलेला नाही.

*

प्रश्न आणखी अवघड करणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. दोन्ही कोर्टापर्यंत गेलेल्या.

पहिली पिंक फ्लॉइडची. १९७३च्या जानेवारीत, ‘द डार्क साइड ऑफ द मून’ पूर्ण होत आलेला असताना त्यांनी क्लेअर टोरी नावाच्या गायिकेला एका रविवारी स्टुडिओत बोलावलं. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या तुकड्यावर तिनं गायचं होतं. शब्द नव्हते, चाल नव्हती. खाली रिचर्ड राइटचा पियानो वाजत होता आणि वर तिला काहीतरी करायचं होतं. तिनं जे केलं ते तुम्ही ऐकलं नसेल तर आज रात्री हेडफोन लावून ऐका. मानधन ३० पौंड, तेही रविवार म्हणून दुप्पट. लेखक म्हणून नाव फक्त राइटचं. तीस वर्षांनी, २००४ साली, ती कोर्टात गेली. २००५ साली तडजोड झाली आणि त्यानंतरच्या प्रतींवर नाव छापलं जातं : राइट आणि टोरी.

दुसरी प्रोकल हॅरमची. त्यांचं १९६७चं ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ ज्यांनी एकदा ऐकलंय त्यांना आधी आठवतो तो ऑर्गन. तो ऑर्गन मॅथ्यू फिशरचा, पण लेखक म्हणून नावं होती गॅरी ब्रूकर आणि कीथ रीड यांची. फिशर २००५ साली कोर्टात गेला, म्हणजे ३८ वर्षांनी. २००६ साली न्यायालयानं त्याला संगीतात ४० टक्के वाटा दिला. वरच्या कोर्टानं म्हटलं की सहलेखक तू आहेस, पण फार उशीर केलास, आता पैसे नाहीत. शेवटी २००९ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं निकाल फिरवला. उशीर झाला म्हणून हक्क मरत नाही. पण पैसे मिळतील ते २००५मध्ये दावा केल्यापासूनचे, मागच्या ३८ वर्षांचे नाहीत.

या निकालातलं शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. उशिरा मिळालेलं श्रेय पुढचं दुरुस्त करतं, मागचं नाही. मला ते पुढे लागणार आहे.

आता कुणी म्हणेल, मग प्रत्येकालाच वाटा द्या की. पण थांबायचं कुठे? ‘वुई विल रॉक यू’ घ्या. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी. सुरुवातीला ना ड्रम ना गिटार, आणि ते सबंध जगाला येतं. मेनं ते लिहिलं त्यामागची गोष्ट अशी, की १९७७ साली एका कार्यक्रमानंतर प्रेक्षक घरी जायच्या ऐवजी बँडसाठीच गायला लागले. मेच्या डोक्यात आलं की या लोकांना करायला काहीतरी द्यायला हवं, असं काही की त्या दाटीतही जमेल. मग त्या प्रेक्षकांचा वाटा किती? १३ जुलै १९८५ला वेम्बली स्टेडियममध्ये ‘लाइव्ह एड’मध्ये ‘रेडिओ गागा’ला हजारो हात एकदम वर गेले, त्या हातांचा किती?

रॉबर्ट नॉझिक नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७४च्या एका पुस्तकात एक गमतीदार प्रश्न विचारलाय. माझ्याकडे टोमॅटोच्या रसाचा डबा आहे. तो माझा आहे. मी तो समुद्रात ओतला आणि रस सगळीकडे पसरला. तर आता समुद्र माझा झाला, की मी मूर्खासारखा रस घालवला? आपण आपली मेहनत एखाद्या गोष्टीत मिसळली की ती गोष्ट आपली होते, या जुन्या कल्पनेला त्यानं लावलेली ही टाचणी आहे. बँड हा असाच समुद्र असतो. चौघं रोज आपापला डबा ओततात. दहा वर्षांनी कुणाचा रस कुठे गेला हे सांगता येत नाही. क्वीनच्या १९७४च्या अल्बमवर ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ नावाचं गाणं आहे. चौघांचंही नाव असलेलं त्यांचं ते पहिलं गाणं. असं सांगतात की कुणी काय लिहिलं हे कुणालाच नीट आठवेना, म्हणून सगळ्यांची नावं टाकली. मला हे सगळ्या तत्त्वज्ञानापेक्षा प्रामाणिक वाटतं.

*

आता माझी गोष्ट.

आम्ही एका पेमेंट ॲपचं काम करत होतो. तक्रार अशी यायला लागली की काही लोकांचे पैसे दोनदा कापले जातायत. रोज वीस-पंचवीस लोक. बाकी सगळ्यांचं व्यवस्थित. आमच्याकडे, म्हणजे ऑफिसातल्या वायफायवर, काहीही केलं तरी ती चूक होईना. तीन दिवस मी लॉग वाचत होतो. म्हणजे सर्व्हरनं लिहून ठेवलेल्या लाखभर ओळी.

आमच्या टीममध्ये एक टेस्टर होती. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनिअर. तिला कुणी हे काम दिलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी टपरीवर चहा पिताना ती म्हणाली, “तक्रारींच्या वेळा बघितल्यास का? बहुतेक सगळ्या सकाळी नऊ ते साडेदहा आणि संध्याकाळी सहानंतर. हे लोक प्रवासात आहेत रे. मध्येच रेंज जात असणार.”

बस. एवढंच. पण त्या वाक्यानंतर कोडं उरलंच नाही. रेंज गेली की पैसे कापल्याचं उत्तर फोनपर्यंत पोचत नव्हतं. ॲपला वाटायचं व्यवहार झालाच नाही आणि ते आपणहून पुन्हा मागणी पाठवायचं. मी प्रत्येक व्यवहाराला एक ठरावीक क्रमांक दिला, तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरनं थांबायचं अशी सोय केली. १४ ओळी. गिटमध्ये आजही त्या १४ ओळींपुढे माझं नाव आहे. आणि ते खरंच आहे, लिहिल्या मीच.

पुढच्या महिन्यात सगळ्या ऑफिसची मीटिंग झाली. पडद्यावर माझा फोटो, बक्षीस, व्हाउचर. मॅनेजर म्हणाले की यानं चार दिवसांत एकट्यानं प्रश्न सोडवला. मला माइक दिला. माझ्या डोक्यात टपरी आली, चहा आला, ते वाक्य आलं. आणि मी म्हणालो, “थँक यू. इट वॉज अ टीम एफर्ट.”

टाळ्या पडल्या. ती तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

त्या वर्षी मला बढती मिळाली. तिला ‘अपेक्षेइतकं काम’ असा शेरा मिळाला. पुढच्या वर्षी ती नोकरी सोडून गेली. माझ्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही, तेवढं स्वतःला महत्त्व देणं हाही एक अहंकारच होईल. पण तिच्या फाइलमध्ये जे एक वाक्य असायला हवं होतं ते नव्हतं, आणि ते का नव्हतं हे मला माहीत होतं.

मी बरेच दिवस स्वतःची समजूत घातली. मी खोटं बोललो का? नाही. ‘टीम एफर्ट’ म्हणालो, टीममध्ये ती होतीच. उलट मी सगळ्यांना श्रेय दिलं. क्वीननं तरी वेगळं काय केलं?

आणि इथेच मला तो प्रश्न नीट विचारता आला. वेगळं काय केलं?

*

क्वीननं ‘सगळ्यांचं’ असं लिहिलं तेव्हा त्या शब्दाबरोबर पैसेही सगळ्यांचे झाले. अल्बममधलं सगळ्यात गाजणारं गाणं आपण लिहिलेलं असेल तरी त्याचा पूर्ण वाटा आपल्याला मिळणार नाही, हे प्रत्येकानं मान्य केलं. आणि नाव छापलं जातं तेव्हा कुठलं गाणं चालेल, कुठलं पडेल हे कुणालाच माहीत नसतं. म्हणजे प्रत्येकानं आंधळेपणानं स्वतःच्या खिशाला भोक पाडून घेतलं. तो शब्द त्यांना महाग पडू शकत होता.

मी ‘सगळ्यांचं’ म्हणालो तेव्हा व्हाउचर माझ्या खिशात होतं. फोटो माझा होता. बढती माझी होणार होती. मी वाटलं काय? फक्त एक शब्द, ज्याला काही किंमत पडत नव्हती. उलट त्या शब्दाने मी नम्रही दिसलो, म्हणजे वर आणखी एक बक्षीस. आणि ज्या एका माणसाचं नाव घ्यायला हवं होतं, ते अकरा जणांच्या टीममध्ये बेमालूम विरघळवून टाकलं. टोमॅटोचा रस तिचा होता, समुद्रात ओतला मी.

तर मला सापडलेली कसोटी एवढीच आहे. ‘हे सगळ्यांचं आहे’ हे वाक्य खरं की खोटं, हे वाक्यावरून कळत नाही. ते बोलल्यावर कुणाचं काही जातं का, यावरून कळतं. बोलणाऱ्याचं जात असेल तर तो उदारपणा. दुसऱ्याचंच जात असेल तर ती चोरी, फक्त सभ्य भाषेतली.

आणि डोअर्सचं उलटं उदाहरणही याच कसोटीवर उतरतं. मॉरिसननं नावं वेगळी करायला लावली, त्यात क्रीगरचा वाटा त्याने खाल्ला नाही. क्रीगरचं क्रीगरच्या नावावर गेलं. म्हणजे नावं एकत्र लिहायची की वेगळी, हा मुळात मुद्दाच नव्हता.

याला एक आक्षेप घेता येतो आणि तो मला खरा वाटतो. पैसे समान वाटले तरी सत्याचं काय? ब्रायन मेनं ‘द शो मस्ट गो ऑन’वर घेतलेली मेहनत त्या एका छापील शब्दाखाली गाडली गेलीच ना? माझा रूममेट आजही ते फ्रेडीचंच समजतो. बरोबर आहे. म्हणूनच मला वाटतं की करार वेगळा आणि साक्ष वेगळी. करार पैशाचा आणि शांततेचा. तो समान असू शकतो. साक्ष मात्र नेमकी असावी लागते, आणि ती ज्याला फायदा झाला त्यानं द्यायची असते. मे त्या गाण्याबद्दल बोलतो तेव्हा काय सांगतो? आपण किती राबलो याच्याआधी तो हे सांगतो, की फ्रेडीची तब्येत इतकी ढासळली होती की याला हे झेपेल का अशी त्याला शंका होती, आणि फ्रेडी व्होडकाचा एक घोट मारून आत गेला आणि गाऊन मोकळा झाला. ऑक्टोबर १९९१मध्ये ते गाणं सिंगल म्हणून आलं, २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. माझा रूममेट तपशिलात चुकत होता. पण ते गाणं फ्रेडीचंही आहे, हे तो म्हणत होता ते काही चूक नव्हतं.

साक्ष कशी असावी याचा माझा सगळ्यात लाडका नमुना ‘अंडर प्रेशर’चा आहे. १९८१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. क्वीन आणि डेव्हिड बोवी यांनी मिळून केलेलं गाणं. त्याची ओळख म्हणजे सुरुवातीचा बेसचा तो तुकडा, जेमतेम दोन सुरांचा. तो कुणाचा, यावर चाहते चाळीस वर्षं भांडतायत. पण ज्यांनी तो बनवला ते काय म्हणतात बघा. जॉन डीकननं मुलाखतीत श्रेय बोवीला दिलं. मे आणि टेलर म्हणाले की तो डीकनचा. बोवीनं सांगितलं की मी यायच्या आधीच तो तयार होता. आणि एक किस्सा असा की डीकननं तो तुकडा वाजवला, सगळे जेवायला गेले, परत आल्यावर तो स्वतःच विसरला आणि टेलरनं त्याला आठवण करून दिली. म्हणजे ज्याच्या-त्याच्या हातात ती वस्तू आहे, तो ती दुसऱ्याच्या हातात देतोय. भांडण फक्त आपण चाहते करतोय.

*

गेल्या वर्षी मी तिला मेसेज केला. तीन वेळा लिहून खोडला. आधीच्या दोन खर्ड्यांमध्ये ‘टीम’ हा शब्द आला होता. शेवटी सरळ लिहिलं की ते तू शोधलं होतंस, मी स्टेजवर तुझं नाव घ्यायला हवं होतं, घेतलं नाही, आणि मला ते तेव्हाही कळत होतं. आमच्या जुन्या मॅनेजरनाही हेच लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, “ओके, नोटेड.”

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. माफ केलं वगैरे काही नव्हतं त्यात. तिनं लिहिलं होतं, “मला आठवतंय. तू टाळ्या वाजताना माझ्याकडे बघितलं नाहीस. तेव्हा बोलला असतास तर त्या वर्षीचं रेटिंग वेगळं असतं. असो. मी सध्या नवीन जॉब बघतेय. हेच नीट लिहून देशील का, माझ्या प्रोफाइलवर?”

हाऊस ऑफ लॉर्ड्सनं जे चार वर्षांच्या कोर्टबाजीनंतर सांगितलं ते तिनं चार ओळींत सांगितलं. मागचं मिळणार नाही. पुढचं लिहून दे.

मी लिहून दिलं. पहिल्यांदा हाताला सवयीनं ‘उत्तम टीम प्लेअर’ आलं, ते खोडलं. मग लिहिलं की आमच्याकडे लोकांचे पैसे दोनदा कापले जात होते, चार इंजिनिअर तीन दिवस लॉग वाचत होते, आणि हिनं कुणी न सांगता तक्रारींच्या वेळा मांडून ओळखलं की ही माणसं प्रवासात आहेत. त्यानंतरच्या १४ ओळी मी लिहिल्या. खाली माझं नाव, हुद्दा आणि तारीख.

तारीख मात्र आजची टाकावी लागली.